नारबोदच्या गावात हॅलोविन

हॅलोविनचा विषय मराठीत निघाला की तो ‘सण आपला की परका’ या वादातच संपतो. मध्यप्रदेशातल्या बालाघाटच्या माणसाला या वादात पडण्याचे फारसे कारण नाही. अनिष्टाचा पुतळा, वेष घेतलेली पोरे, दारोदार फिरून खाऊ मागणे आणि या सगळ्यामागे उभी असलेली भुताखेतांची भीती, हा सगळा ऐवज त्याच्याकडे आधीपासून आहे आणि तोही एकाच दिवसात. फक्त तो दिवस ३१ ऑक्टोबरचा नाही. तो पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पोळ्याची कर.

पिठोरी अमावस्येला बैल पुजून झाले की दुसऱ्या दिवशी पहाटे बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यातल्या गावांतून नारबोद निघते. बांबूचा सांगाडा, त्यावर धानाची तणस, पळसाच्या फांद्या, वर एखादे फाटके लुगडे. ही पूतना, कृष्णाला विष पाजायला आलेली. गावातली पोरे तिला ओढत शिवेपर्यंत नेतात. खोकला, ताप, इडापीडा घेऊन जा गे नारबोद, असा गलका चालतो. कुणाचा मराठीत, कुणाचा पोवारीत, कुणाचा हिंदीत. शिवेबाहेर तिला पेटवून देतात. त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी दोरीने ओढत, शेतकऱ्यापासून शंकरापर्यंत कसलेही सोंग घेतलेली मुले घरोघर जातात आणि बोजारा मागतात. तो कधी पैशांच्या रूपात मिळतो, कधी खाऊच्या. अमेरिकेतल्या एखाद्या मुलाला हा दिवस दाखवला तर त्याला समजावून सांगावे असे फार थोडे उरेल.

मध्यप्रदेशात पोळा आणि नारबोद, म्हणजे आपली मारबत, कशी, असे पुण्याकडचा वाचक विचारील. हा सगळा मुलूख भोसल्यांच्या नागपूर राज्याचा. इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून १८६७ साली बालाघाट जिल्हा केला, तरी व्यवहार, सोयरीक आणि सण नागपूर-गोंदियाकडेच राहिले. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्रीपर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भोपाळ झाली. हॅलोविनची तीच रात्र हा निव्वळ योगायोग. एवढे खरे की राज्याची हद्द बदलली, पोळ्याची बदलली नाही.

म्हणून हॅलोविन पर्यावरणाला धरून आणि समाजाचे भान ठेवून कसा साजरा करावा, हा प्रश्न बालाघाटात वेगळ्या तऱ्हेने मांडता येतो. इथे नवा सण एका जुन्या सणाशेजारी ठेवून तपासता येतो, आणि त्या तपासात जुना सणही सुटत नाही.

हॅलोविन मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपली, गुरे माळावरून गोठ्यात आली, अंधाराचे दिवस सुरू झाले, त्या सांध्यावरचा सॅव्हिन हा केल्टिक लोकांचा सण. पुढे ख्रिस्ती पंचांगाने १ नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस ठेवला. इंग्लंडात गरीब माणसे या दिवसांत दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोटी गोड पोळी मिळवत. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेले तेव्हा तिथला भोपळा मोठा आणि कोरायला सोपा निघाला. म्हणजे मूळ सामान काय, तर शेतात उरलेला कंद, घरातले पीठ, अंगावरचे जुने कपडे आणि थोडा कोळसा. यातले काहीही दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाण्यासारखे नव्हते.

हे बिघडवले बाजाराने. ब्रिटनमध्ये फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या संस्थांनी २०१९ साली १९ विक्रेत्यांकडचे हॅलोविनचे ३२४ पोशाख तपासले. त्यांच्यात ८३ टक्के माल खनिज तेलापासून केलेले प्लास्टिक होते, पॉलिएस्टर धरून. एका देशात, एका सणाच्या टाकून दिलेल्या पोशाखांतून सुमारे २,००० टन प्लास्टिक कचरा होतो, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडे महानगरांतल्या मॉलमध्ये आणि ऑनलाइन जो हॅलोविन विकत मिळतो तो याच जातीचा: चकचकीत काळा झगा, रबरी मुखवटा, प्लास्टिकचा सांगाडा, फुगे. बालाघाटात तो मोबाइलच्या स्टेटसवरून आणि नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांबरोबर येतो. शाळेने ‘भूत बनून या’ म्हटले की आई-बापांनी रात्री दहा वाजता फोनवर झगा शोधायचा, हे दृश्य आता कोणत्याही जिल्ह्याच्या गावाला नवे नाही.

नारबोदच्या सामानाकडे पाहावे ते इथे. बालाघाट हा बांबूचा जिल्हा, निम्म्याहून अधिक भूभाग जंगलाखाली. बुरडाच्या हातचा सांगाडा, खळ्यावरची तणस, बांधावरचा पळस. पुतळा जळाला तरी मागे राख राहते आणि बांबूचा एखादा अर्धवट तुकडा. पण एवढ्यावरून जुने ते सोने म्हणून मोकळे होता येत नाही. जिथे मिरवणूक मोठी झाली तिथे सामानही बदलले. चेहऱ्याला थर्माकोल, अंगाला ऑइलपेंट, चांगले पेटावे म्हणून आत जुने टायर. जळत्या टायरचा धूर पुतळ्याच्या मागे धावणाऱ्या पोरांच्याच नाकात जातो. खोकला घेऊन जा म्हणायचे आणि खोकला विकत घ्यायचा. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली त्यांत सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या आणि गोळ्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे हे सगळे नाव घेऊन आहे. म्हणजे हॅलोविनच्या सजावटीचा काही बाजार आणि बिघडलेल्या मारबतीचा चेहरा, दोन्ही एकाच नियमात सापडतात. नियम कोण पाळतो हा भाग निराळा.

मोठ्या मारबती नागपूरच्या. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी, इंग्रजांशी त्यांनी जुळवून घेतले या रागाशी लावला जातो. दोघींचे मीलन पाहायला इतवारीत मुंगीला वाट मिळत नाही. त्यांच्याबरोबर निघतात ते बडग्यांचे पुतळे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी जो कुणी लोकांच्या डोक्यात बसला असेल त्याचा. बडग्यांकडे मी नंतर येतो, कारण या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत कामाचे तेच वाटतात.

गोव्याचा नरकासुर हे पुतळ्यांच्या याच घराण्यातले दुसरे टोक. दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली उभा राहणारा आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळला जाणारा हा पुतळा कधीकाळी गवत, रद्दी आणि करवंट्यांचा होता. आता बक्षिसांच्या स्पर्धा आहेत, लोखंडी सांगाडे आहेत, रात्रभर छातीत धडकणारे संगीत आहे आणि सकाळी रस्त्यात अर्धवट जळालेले, कुणीच उचलत नाही असे अवशेष. दिवाळी नरकासुराची की कृष्णाची, असा प्रश्न गोव्यात दरवर्षी विचारला जातो. सण परदेशातून आला म्हणून बिघडतो हे यावरून खोटे ठरते. स्पर्धा, प्रायोजक आणि ध्वनिक्षेपक आले की घरचा सणही तितकाच बिघडतो. बालाघाटातल्या एखाद्या मंडळाने उद्या ‘भव्य हॅलोविन नाइट’चा फलक लावला तर भीती हॅलोविनची नाही, ‘भव्य’ या शब्दाची धरावी.

कचऱ्याचे एवढे पुरे. माझ्या मते बालाघाटसारख्या जिल्ह्यात हॅलोविनची खरी जबाबदारी दुसरीकडेच आहे, आणि पर्यावरणपूरक सणाच्या सल्ल्यांत ती जवळजवळ कधीच येत नाही.

हॅलोविनची सर्वांत लोकप्रिय सोंगे दोन: भूत आणि चेटकीण. टोकदार टोपी, वाकडे नाक, हातात झाडू. युरोपातही ही टोपी निरागस नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून हजारो माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका होत्या. पण तिथे ती गोष्ट इतिहासात जमा झाली, म्हणून टोपी खेळण्याच्या दुकानात गेली. इकडे ती जमा झालेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग खुनांच्या कारणांत आजही जादूटोणा असा वेगळा रकाना ठेवतो आणि तो कोरा राहत नाही. बालाघाटच्या पूर्वेला छत्तीसगड. तिथे २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला आणि एखाद्या बाईला नुसते टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवले तरी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. दक्षिणेला महाराष्ट्र; तिथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्ष संपण्याआधी त्याचा कायदा झाला. दोन शेजारी राज्यांना असा कायदा लागतो, त्याअर्थी मधल्या जंगलपट्ट्यातल्या गावांत काय चालते हे वेगळे सांगायला नको. मूल आजारी पडते, बैल अचानक मरतो, आणि बोट उठते ते बहुधा एकट्या, म्हाताऱ्या, थोडीफार जमीन नावावर असलेल्या विधवेकडे. जमीन हा तपशील विसरू नये.

अशा ठिकाणी शाळेच्या मंचावर आठ वर्षांची पोर चेटकिणीचे सोंग घेऊन येते आणि सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा नक्की कशाला हसायचे असते? मी हॅलोविन बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही. भीतीशी खेळणे ही मुलांची गरज आहे आणि रात्री अंगणात एकमेकांना घाबरवण्याचा आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण चेटकीण हे एक सोंग बालाघाटच्या शाळेने गाळावे. खवीस चालेल, मुंजा चालेल, सांगाडा तर फारच उत्तम, त्या निमित्ताने हाडे तरी शिकवता येतील. हडळ मात्र नको, आणि पांढऱ्या साडीतली केस मोकळे सोडलेली बाई मुळीच नको. याच न्यायाने नारबोदकडेही पाहावे लागते. पूतना राक्षसी खरी; पण इडापीडेला दरवर्षी लुगडेच नेसवायचे आणि गावातल्या पोरांनी तिला ओढत, शिव्या घालत शिवेबाहेर न्यायचे, यातून पोरे काय शिकतात हा प्रश्न गावातल्या बायांना एकदा विचारून पाहावा. करीच्या दिवशी दारू आणि जुगाराला ऊत येतो, हेही उत्तर देताना त्या बहुधा सांगतील.

सोंगांची आणखी एक जात. फॅन्सी ड्रेस म्हटले की डोक्याला पिसे, कमरेला पाने, तोंडाला काळे आणि हातात भाला घेऊन ‘आदिवासी’ उभा करायचा, ही आपल्या शाळांची जुनी खोड. बैहर आणि परसवाड्याकडे बैगा आणि गोंड राहतात, त्यांची मुले त्याच जिल्ह्याच्या वसतिगृहांत शिकतात. शेजारच्या बाकावरचा मुलगा ज्या समाजाचा आहे त्याचे भूत करून मंचावर नाचवणे याला कुठल्याच सणाचे कारण पुरत नाही. वेडा, भिकारी, कुबड्या घेतलेला, ही सोंगेही त्याच यादीत घालावीत.

कान्हाच्या जंगलाचा बराच भाग याच जिल्ह्यात येतो. मुक्कीचे फाटक इथले. पावसाळ्यात बंद असलेले जंगल १ ऑक्टोबरला उघडते, म्हणजे हॅलोविन भर हंगामात पडतो. दारे-झाडे सजवायला जे खोटे कोळिष्टक मिळते, कापसासारखे ताणायचे, त्यात पक्षी आणि वटवाघळे अडकतात म्हणून उत्तर अमेरिकेतले वन्यजीव बचाव गट दरवर्षी ते बाहेर लावू नका असे सांगतात. इथे ते झाडाला बांधणे म्हणजे त्याहून मोठा मूर्खपणा. आणि घुबड. हॅलोविनच्या चित्रात ते गोंडस असते. आपल्याकडे दिवाळीच्या अमावस्येला तांत्रिक विधीसाठी घुबडे पकडली आणि मारली जातात. ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० साली या व्यापारावर जो अहवाल काढला, त्यात भारतातल्या घुबडांच्या सुमारे निम्म्या जाती विक्रीत आढळल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. दिवाळी आणि हॅलोविन जवळजवळ येतात. २०२४ साली तर अमावस्या ३१ ऑक्टोबरलाच लागली. त्या आठवड्यात मुलांना कागदी घुबड करायला लावावे आणि खरे घुबड रात्रीतून किती उंदीर उचलते, धानाच्या कोठीला त्याचा काय उपयोग, हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकवावे.

आता खाऊ. अमेरिकेतल्या मराठी घरांत हॅलोविन कधीचाच रुळला आहे. मुले पिशवीभर गोळ्या घेऊन येतात, आई-बाप जेलाटिन असलेल्या वेगळ्या काढतात, आणि उरलेल्यांचे काय करायचे हा प्रश्न दिवाळीच्या फराळापर्यंत पुरतो. तिथल्या काही दंतवैद्यांनी यावर तोड काढली: मुलांकडून जास्तीच्या गोळ्या वजनावर विकत घ्यायच्या आणि परदेशी तैनात असलेल्या सैनिकांना पाठवायच्या. सैनिकांच्या दातांचे काय, हे विचारू नये. याहून जुनी आणि भरीव गोष्ट युनिसेफची. १९५० साली फिलाडेल्फियात एका पाद्री दांपत्याच्या पुढाकाराने मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत खाऊऐवजी नाणी मागितली, आणि त्यातून जगभरच्या मुलांसाठी निधी जमवण्याची रीत पडली. २०१४ पासून तिथे हिरवट-निळा रंगवलेला भोपळा दाराशी ठेवतात. शेंगदाणे-दूध न चालणाऱ्या मुलांसाठी या घरी खाऊऐवजी खेळणे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चॉकलेटच्या मागेही एक हिशेब आहे. जगातला बराचसा कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नॉर्क या संस्थेने २०२० साली काढलेल्या अहवालानुसार तिथे सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या मळ्यांवर बालमजुरीत होती. मुलांच्या सणाचा खाऊ दुसऱ्या मुलांच्या मजुरीतून येतो. बालाघाटला या साखळीत शिरायची गरज नाही. इथे मोहाचे लाडू होतात, आणि मोह वेचणाऱ्या बाईला त्याचे चार पैसे मिळू शकतात. मुरमुऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, पळसाच्या द्रोणात घातलेला चिवडा, हे बोजाऱ्यात द्यायला काय वाईट? वेष्टन नाही हा वरचा फायदा, कारण गोळीचा चकचकीत कागद त्या २०२२ च्या बंदीत बसत नाही आणि कबाडीही तो घेत नाही. दुकानदार म्हणतील मुलांना चॉकलेटच हवे. मुलांना काय हवे ते बरेचसे दुकानदारच ठरवतात, असा माझा अनुभव.

बोजारा मागायला कोण जाते, यालाही महत्त्व आहे. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी मुले जातात; नंदी महागडा असो की मातीचा, दार सगळ्यांना उघडते. मूळ हॅलोविनमध्येही दारोदार जाणारा गरीबच होता आणि त्याला देणे हे घरधन्याचे कर्तव्य होते. बंद फाटकांच्या वसाहतीत, पहारेकऱ्याने नाव लिहून घेऊन, ठरलेल्या बत्तीस घरांनी आपापल्याच मुलांना गोळ्या वाटायच्या, हे शहरी रूप त्या दोन्ही परंपरांना सोडून आहे. बालाघाटने ते उचलू नये.

भोपळ्याबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही. तो कोरून, दोन रात्री दिवा लावून फेकून देण्याची कल्पना वैदर्भी घरात सांगून पाहा. कोहळ्याची, म्हणजे याच भोपळ्याची, बोंडे, भाजी, भाजलेल्या बिया, साल गाईला. एवढे झाल्यावर कोरायला जे उरते त्यात पणती बसत असेल तर जरूर बसवावी. दुधीची वाळलेली तुंबी तर कोरून वर्षानुवर्षे टिकते, आणि गोंड-बैगा घरांत ती पाणी ठेवायला वापरतात, हेही मुलांना कळेल. पणती कुंभाराची. बॅटरीवर चालणारी चिनी भुते टाळायला यापेक्षा वेगळे काही करावे लागत नाही.

राहिले बडगे. मारबत अमूर्त इडापीडा वाहून नेते, बडग्या मात्र नाव घेऊन बोलतो. लोकांना ज्याचा त्रास होतो त्याचे सोंग करायचे, त्याला चौकातून फिरवायचे, हसायचे आणि जाळायचे. मेलेल्यांना किंवा गरीब म्हातारीला भिऊन ती भीती सणात आणण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे. बालाघाटच्या मुलांना हॅलोविन करायचाच असेल तर त्यांनी बडग्यांकडून शिकावे. सामान नारबोदचे: बांबू, तणस, रद्दी, खळ, हळद आणि कोळसा. विषय जिल्ह्याने भरपूर पुरवले आहेत. वैनगंगेच्या पात्रातून रात्री निघणारा वाळूचा ट्रक. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्नीचा राक्षस, गल्लीतून वेचलेल्या पन्न्यांनीच मढवलेला. पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणून वाघाची नखे मागत फिरणारा भोंदू. भरवेलीच्या खाणीतल्या मँगनीजची काळी धूळ अंगभर फासलेले भूत. डेंग्यूचा डास तर प्रत्येक शाळेत तयारच असतो, त्याला फक्त पंख जोडायचे. वाळूच्या ट्रकवर कुणाचे नाव मात्र लिहू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्य स्थापना दिनाच्या कार्यक्रमातच मुख्याध्यापकांना कुणीतरी बाजूला घेईल.